बोअर कोणता घेऊ, काका?

प्रश्न असा आहे; बोअर म्हणजे हत्याराच्या नळीचं माप. विचारणारा पस्तिशीचा. ग्वाल्हेरच्या दाल बाजारात आडतीचं दुकान, रात्री आठ-साडेआठला रोख घेऊन लश्कर भागातल्या जुन्या घरी परतणारा. घरात आई, बायको आणि सात वर्षांची मुलगी. कलेक्टोरेटच्या बऱ्याच खेपांनंतर हँडगनचं लायसन्स हातात पडलंय आणि आता डोकं चक्रावलंय. .२२ घ्यावं, .२५ घ्यावं, .३२ रिव्हॉल्व्हर की .३२ पिस्तूल? की 'शिंदे की छावणी' भागातले एक गृहस्थ त्यांचं जुनं विलायती .३५७ मॅग्नम विकतायत, ते? मोबाइलवरचे उस्ताद सांगतात की ९ एमएमच्या खालचं सगळं खेळणं.

तू 'काका' म्हणून सुरुवात केलीस, तर मीही अरेतुरेच करतो. एकतीस वर्षं आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हणून वर्दीत काढली, शेवटची काही टेकनपूरला. आता आठवड्यातले तीन दिवस बाड्याच्या चौकाजवळच्या एका दुकानात मागच्या टेबलावर बसून लोकांची बिघडलेली लायसन्सी हत्यारं उघडतो. विक्रीत माझं कमिशन नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे दोन-तीन ठिकाणी मी तुला पैसे खिशातच ठेवायला सांगणार आहे.

९ एमएम आधी डोक्यातून काढ. ते चांगलं की वाईट हा मुद्दाच नाही, ते तुझ्यासाठी नाही. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत हिशोब साफ लिहिलाय: ज्या पिस्तुलात किंवा रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० वा .४५५ चं रिमवालं (बुडाला कडा असलेलं), किंवा फौजेचं ९ एमएम वा .४५ चं बिनरिमचं कारतूस बसून उडू शकतं, ते प्रतिबंधित बोअर. दुकानात आम्ही त्याला नुसतं 'पीबी' म्हणतो. तुझं लायसन्स 'एनपीबी'चं, म्हणजे अप्रतिबंधित बोअरचं आहे. विचार सोपा आहे: सरकारी कोठारातून एखादी पेटी बाहेर गेली तरी ती बाहेरच्या हत्यारात चालू नये. .३०३ रायफल पीबी आणि तिच्या शेजारची .३१५ आपल्या भिंड-मुरैन्याच्या खांद्याखांद्यावर, तेही याच कारणाने. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित हत्यार बाळगण्याची शिक्षा सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंत आहे. कोणी कानात येऊन 'भैया, नौ एमएम दिलवा देंगे' म्हणालं, तर त्याचा नंबर मोबाइलमधून पुसून टाक.

म्हणजे हे उस्ताद ज्या वादावर तासन्‌तास बोलतात, तो अमेरिकेतला आहे. तिथे दुकानात गेलं की भिंतीवर दहा बोअरची हत्यारं टांगलेली असतात. इथे खासगी माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात ऐंशीच्या दशकापासून जवळपास बंद आहे. जे विलायती फिरतंय ते तेव्हाचं किंवा त्याआधीचं, हातोहात चढत्या भावाने विकलं जाणारं. राहिलं देशात बनणारं, आणि हँडगनमध्ये त्याचा अर्थ मुख्यतः .३२, थोडंसं .२२. तुझ्यापुढचा मेन्यू दिसतोय त्यापेक्षा बराच छोटा आहे.

आता .३२ म्हणजे काय, हे दोन ओळींत. .३२ म्हणजे नळीचं माप, इंचाच्या शंभराव्या भागांत. गोळीचा खरा व्यास .३१२ इंच, म्हणजे साधारण ७.९ मिलिमीटर. पण माप एक असलं तरी कारतुसं दोन आहेत, आणि इथे लोक हटकून गल्लत करतात. रिव्हॉल्व्हरचं ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ चं, बुडाला रुंद कडा असलेलं, ९८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) शिशाची गोळी. पिस्तुलाचं ते .३२ एसीपी, ब्राउनिंगचं १८९९ चं, जुन्या पिस्तुलांवर ७.६५ एमएम असं कोरलेलं, ७१ ग्रेनची तांब्याच्या कवचातली गोळी. रिव्हॉल्व्हरचं कारतूस पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये जातच नाही. उलट पिस्तुलाचं कारतूस रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये, म्हणजे कारतुसाच्या खोबणीत, कसंबसं बसतं, कधी उडतंही, आणि म्हणून जास्त धोक्याचं आहे. त्याचा दाब जास्त, कडा बारीक. 'चलता है' म्हणणारे माझ्याकडे येतात तेव्हा सिलिंडर, म्हणजे चेंबरांचं फिरतं चाक, हलत असतो.

ताकदीचे आकडे विचारशील म्हणून देतो, आणि ते ढोबळ समज. .२५ ची गोळी नळीतून साधारण ९० जूल घेऊन निघते. रिव्हॉल्व्हरचं .३२ दीडशेच्या आसपास, पिस्तुलाचं .३२ पावणेदोनशेच्या आत. ९ एमएम पावणेपाचशेला जातं आणि .३५७ मॅग्नम सातशेच्या पुढे. हे वाचून तुझ्या मनात जे आलं तेच भिंडहून येणारं प्रत्येक गिऱ्हाईक माझ्या टेबलावर हात आपटून म्हणतं: 'दद्दा, बत्तीस में दम नहीं है.'

दम कशाला म्हणायचं ते बघू. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली आणि दोन एजंट मारले गेले. एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरलेली ९ एमएम गोळी हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली होती, आणि तो त्यानंतरही लढत राहिला. त्या एका गोळीवरून अमेरिकेत वादाचं मोहोळ उठलं. जाडजूड १० एमएम आणलं, ते बऱ्याच हातांना झेपेना, मग १९९० मध्ये .४० आलं, आणि फिरून फिरून २०१५ च्या सुमाराला एफबीआय ९ एमएमवरच परत आली. एवढ्या खटाटोपातून कामाच्या गोष्टी दोनच निघाल्या. गोळी निदान बारा इंच आत शिरायला हवी, आणि ती नेमकी कुठे लागते यावर सगळं आहे. १९८९ च्या त्यांच्या अहवालात एक गोष्ट लिहिली आहे, जी मी नव्या रंगरुटांना नेहमी सांगायचो. मेंदू किंवा पाठीचा कणा चुकला तर, हृदय निकामी झालेला माणूससुद्धा दहा-पंधरा सेकंद हवं ते करू शकतो, कारण मेंदूत तेवढा प्राणवायू शिल्लक असतो. हँडगनची गोळी लागल्यावर माणूस मागे उडून पडतो ते सिनेमात. हे ९ एमएमला लागू आहे, .४५ लाही.

.३२ ची साधी, गोल नाकाची गोळी बारा इंचांची अट बहुतेक वेळा पार करते. या वेगाला पोकळ नाकाची गोळी नीट फुलतच नाही, तेव्हा 'होलो पॉइंट मिळवून दे' म्हणून कुणाच्या मागे लागू नकोस. आणि लहान पिस्तूल म्हणजे खेळणं, असं ज्याला वाटतं त्याने ग्वाल्हेरच्या मराठी माणसासमोर तरी म्हणू नये. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येसाठी दिल्लीला गेलेलं ते बेरेटा आपल्याच शहरातून मिळवलेलं होतं. ९ एमएम कॉर्टो, म्हणजे .३२ पेक्षा जेमतेम एक पायरी वरचं छोटं कारतूस. तीन गोळ्या. आमच्या आजोबांच्या पिढीत घरात पिस्तुलाचा विषय निघाला की आवाज खाली का यायचे, ते तुझ्याही घरात कुणाला ठाऊक असेल.

तर .३२ ठरलं असं समज. खरा निर्णय यानंतर सुरू होतो: रिव्हॉल्व्हर की पिस्तूल.

रिव्हॉल्व्हरची गोष्ट मला अशी दिसते. कानपूरला बनणारं साधं .३२ रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्ली मार्क ४ च्या घाटावर आहे. वरचं कुलूप अंगठ्याने दाबलं की ते मधून उघडून दुमडतं आणि सहाही रिकामी खोकी एकदम बाहेर येतात. त्याचंच हलकं भावंड निर्भीक, २०१४ चं, वजन अर्धा किलो, तेव्हा किंमत एक लाख बावीस हजार. बायकांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली, पण हलकं हत्यार हातात जास्त उडतं हे जाहिरातीत कोण सांगणार? साध्या सातशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरात .३२ इतकं मवाळ चालतं की नवखा माणूसही तिसऱ्या फैरीला डोळे मिटायचं थांबतो. हेच कारतूस, बोथट नाकाच्या गोळीसह, जगभरात पंचवीस मीटरच्या सेंटर फायर स्पर्धांमध्ये वापरतात. नेम त्याच्यात आहे. नसला तर आपल्यात नाही.

दुसरं म्हणजे कारतूस मुकं निघालं तर रिव्हॉल्व्हरला काही करावं लागत नाही. घोडा, म्हणजे बोटाखालचा ट्रिगर, पुन्हा दाबला की पुढचं चेंबर समोर येतं. पिस्तुलात मात्र मुकं कारतूस म्हणजे दुसऱ्या हाताने स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढून ते बाहेर फेकणं, अंधारात, थरथरत्या हाताने, कदाचित दुसऱ्या हातात मुलीचं मनगट असताना. शिवाय .३२ एसीपीला थोडीशी कडा आहे. मॅगझिन भरताना वरच्या कारतुसाची कडा खालच्याच्या मागे अडकली तर पिस्तूल तिथेच बसतं, आणि ते हाताने सुटत नाही. शिस्तीने भरणाऱ्याचं असं होत नाही. घाईत भरणाऱ्याचं होतं.

पिस्तुलाच्या बाजूनेही बोलायला हवं. ते चपटं असतं, सदऱ्याखाली दिसत नाही, गोळ्या एखाद-दोन जास्त, आणि घोडा हलका म्हणून सरावलेल्या हाताला नेम पटकन लागतो. तू रोज रोख घेऊन फिरतोस, तेव्हा तुझा ओढा तिकडे असणार हे मला दिसतंय. पण बाजारात जी देखणी विलायती .३२ पिस्तुलं फिरतात, ती वेब्ली अँड स्कॉट, ती वाल्थर पीपी, ती लामा, ती बहुतेक तुझ्या-माझ्यापेक्षा वयाने मोठी आहेत. त्यांच्या मॅगझिनची स्प्रिंग थकलेली असते, अस्सल सुटे भाग मिळत नाहीत आणि मी लेथवर जे बनवून देतो ते चालतं, पण त्याला अस्सल म्हणायला मी तयार नाही. पिस्तूल घ्यायचंच असेल तर देशी नवं घे आणि निदान पन्नास-साठ फैरी न अडकता गेल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवू नकोस. आता तेवढी कारतुसं खर्चायला तुझ्या लायसन्सवरचा वर्षाचा कोटा पुरतो का, ते बघ. बहुतेकांचा घोळ इथेच होतो.

रिव्हॉल्व्हरचा एक खरा दोष सांगायचा राहिला. घोडा सरळ दाबून चालवलं, म्हणजे डबल अॅक्शन, तर ओढ जड असते, बोट थरथरतं, गोळी खाली-डावीकडे जाते. म्हणून लोक अंगठ्याने हॅमर, म्हणजे मागचा हातोडा, मागे ओढून ठेवतात, मग घोडा लोण्यासारखा. घाबरलेला माणूस असाच करतो, आणि तसंच ओढलेल्या हॅमरचं रिव्हॉल्व्हर हातात धरून घरभर फिरतो. तेवढ्यात कोणी मागून खांद्याला हात लावला की संपलं. घरात हॅमर कधीही ओढायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लाव. जड ओढ हीच तुझी सुरक्षा आहे. सवय व्हायला रिकाम्या रिव्हॉल्व्हरात नकली कारतुसं घालून, खरी दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीकडे तोंड करून रोज दहा मिनिटं घोडा ओढ. महिनाभरात बोट सरळ येतं. याला कोटा लागत नाही.

आता कारतुसं. मला विचारशील तर बोअरपेक्षा यावर बोलायला हवं, पण कोणी विचारत नाही.

दोनेक वर्षांपूर्वी मुरारहून एक गृहस्थ वडिलांचं रिव्हॉल्व्हर घेऊन आले. वारसाहक्काने नुकतंच त्यांच्या नावावर झालेलं. वडिलांनी ते जपलं होतं म्हणजे काय, दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाला बाहेर काढून तेलाने न्हाऊ घालायचे. कारतुसांनाही. चामड्याच्या पट्ट्यात ओवलेली ती बारा कारतुसं हिरवी पडली होती, जसं देवघरातलं पितळ चिंचेशिवाय पडतं तसं. कमावलेल्या चामड्यातल्या आम्लाने पितळ खाल्लं होतं. आम्ही रेंजवर सहा भरली. दोन मुकी, एकाचा नुसता फुस्स आवाज. ते फुस्स ऐकून मी त्यांच्या हातातून रिव्हॉल्व्हर अक्षरशः हिसकावलं, कारण गोळी नळीत अडकली होती, आणि त्यांचं बोट पुढचा घोडा दाबायला निघालं होतं. दाबला असता तर नळी फुगली असती, कदाचित फुटली असती. वीस वर्षं ते कुटुंब या सहा गोळ्यांच्या भरवशावर शांत झोपत होतं.

तेल पितळाला चमकवतं, पण बुडाच्या टोपीत हळूहळू झिरपून मसाला निकामी करतं. म्हणून कारतुसाला तेलाचा बोटही लावायचा नाही. चामड्यात ठेवायचं नाही. आपल्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही. मूळ पुठ्ठ्याच्या डबीत, घरातल्या सगळ्यात थंड भिंतीच्या कपाटात. भरून ठेवलेली सहा दर वर्षी सरावात उडवून टाकायची आणि नवी भरायची. देशी .३२ कारतुसांच्या बुडाला 'केएफ' कोरलेलं दिसेल. ती अक्षरं खडकीची, पुण्याच्या जुन्या दारूगोळा कारखान्याची. आणि .३२ चा सगळ्यात मोठा गुण हाच की ते कारतूस ग्वाल्हेरात मिळतं, आणि उद्याही मिळेल.

.२५ ला मी याच कारणाने नाही म्हणतो. सुबक दिसतं, तळहातात मावतं, आणि कारतूस शोधायला माणूस दिल्लीपर्यंत जातो. मालकाकडे सात गोळ्या असतात आणि त्या जपायच्या म्हणून तो आयुष्यात एकही उडवत नाही. .२२ चं थोडं वेगळं आहे. सरावाला स्वस्त, धक्का नाहीच. एखाद्या आजींच्या संधिवाताच्या बोटांना दुसरं काही झेपत नसेल तर मी .२२ रिव्हॉल्व्हर सांगतोही. पण त्याचा मसाला टोपीत नसून बुडाच्या कडेत असतो, आणि कडेला तो सगळीकडे सारखा पसरलेला असेलच असं नाही, म्हणून मुकं निघण्याचं प्रमाण जास्त. तुझी बोटं धडधाकट आहेत. .२२ नको.

राहिलं छावणीतल्या गृहस्थांचं .३५७. हत्यार उत्तम असणार, यात वाद नाही. पण ते बंद खोलीत चालवलंस तर काय होतं? १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज कान कायमचा बिघडवू शकतो, आणि जवळजवळ प्रत्येक हँडगन ती रेघ ओलांडते. .३५७ तर कळसच. अंधारात नळीतोंडी असा जाळ निघतो की पहिल्या गोळीनंतर पाच सेकंद तुला तूच दिसणार नाहीस. कारतूस महाग आणि दुर्मीळ, म्हणून सराव शून्य. त्यांची किंमत मला माहीत नाही, पण विलायती नावाला आपल्या शहरात जो भाव येतो तो लोखंडाचा नसतो, मिशीचा असतो. तेवढ्या पैशात देशी रिव्हॉल्व्हर, वर्षांचा सराव, दाराला लोखंडी जाळी आणि मागच्या बोळात दिवा, सगळं होऊन वर मुलीची फी निघेल.

बोळाचा विषय निघालाच आहे. तुझं घर जुन्या लश्करातलं, म्हणजे भिंती दगडी, फर्शा दगडी, जिना दगडी. शिशाची गोळी विटेच्या प्लॅस्टर केलेल्या भिंतीत रुतते, .३२ तर नक्कीच. पण आपल्या ग्वाल्हेरी दगडावर तिरकी लागली तर घसरते आणि कुठल्या कुठे जाते. दारं प्लायवुडची असतील तर त्यातून ती आरपार जाते. म्हणून हत्यार घेण्याआधी रात्री घरात उभा राहून बघ: मी जिन्याच्या तोंडाशी असलो तर माझ्या समोरच्या रेषेत, दारापलीकडे, कोण झोपलेलं असतं? आई माजघरात झोपते की ओटीवर? हे ठरल्याशिवाय बोअरच्या गप्पांना अर्थ नाही.

घरापुरतंच संरक्षण हवं असतं तर मी तुला बारा बोअरची दुनळी सांगितली असती. एका कारतुसात दोन हजार जूलच्या वर, दोन हातांनी आणि खांद्याने धरायची, त्यामुळे नेम हँडगनपेक्षा सोपा. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा दुसरी जागा तुझ्याकडे आहे. पण दुनळी घेऊन दाल बाजारातून रोख आणता येत नाही. रोखीबद्दल खरं सांगू का? वेळ आणि रस्ता रोज बदल आणि जमेल तेवढं बँकेतून कर. दोन मोटारसायकली आडव्या आल्या की कमरेचं रिव्हॉल्व्हर बाहेर यायला जो वेळ लागतो तो त्यांच्याकडे आधीच असतो. अशा प्रसंगात हत्यार हिसकावलं गेल्याच्या हकिकती मी थान्यातून, म्हणजे पोलीस ठाण्यातून, दुरुस्तीला आलेल्या मालाबरोबर ऐकल्यात. पैसे गेले तर जाऊ देत.

आणि दिवसा तू दुकानात असताना घरी कोण? लायसन्स तुझ्या एकट्याच्या नावावर आहे. बायकोने किंवा आईने ते हत्यार जवळ बाळगणं कायद्याने चालत नाही. म्हणजे तू घरी नसताना ते कुलपात, आणि किल्ली तुझ्याकडे. रिव्हॉल्व्हर एका कुलपात, कारतुसं दुसऱ्या. कपाटाच्या वरच्या फळीवर, साड्यांच्या घडीखाली, उशीखाली, देवघरामागे, या जागा मुलांना आपल्याआधी माहीत असतात. सात वर्षांचं मूल दोन्ही हातांचे अंगठे लावून घोडा ओढू शकतं. मी हे मोजून पाहिलंय, माझ्या स्वतःच्या नातीबरोबर, रिकाम्या रिव्हॉल्व्हरात. जड ओढ मोठ्यांच्या चुकीपासून वाचवते, मुलांच्या खेळापासून नाही. रात्री तू घरात असताना ते तुझ्या पलंगाजवळच्या, भिंतीला बोल्ट केलेल्या छोट्या नंबरी तिजोरीत भरलेलं असू दे. त्यापेक्षा जवळ नको.

कायद्याचं थोडक्यात, बाकी वकिलाला विचार. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध हा हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो, ते कलम ४१. पण कलम ३७ म्हणतं, गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. मागे वळून पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातलीस तर टीआय साहेब, म्हणजे थान्याचे इन्स्पेक्टर, पहिला प्रश्न तोच विचारतील. आणि वरातीत, बारशात, निकालात हवेत एकही नाही. हर्ष फायरला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मित्र 'एक ठो' म्हणतीलच. त्या दिवशी रिव्हॉल्व्हर घरी ठेवून जा.

शिवाय निवडणूक लागली की आचारसंहितेत हत्यार बहुतेक वेळा थान्यात किंवा दुकानात जमा करावं लागतं, कधी काही आठवडे, कधी दोन-दोन महिने. तेवढे दिवस तुझं घर कडी, जाळी, दिवा, शेजारी आणि कुत्रं सांभाळणार. या लायसन्सासाठी आपल्याकडे काय काय करवून घेतलंय: २०१९ मध्ये दहा रोपं लावून सेल्फी मागितली होती, नंतर गोशाळेला ब्लँकेट. शिवपुरीत २००८ मध्ये नसबंदीच्या बदल्यात बंदूक. लोकांनी सगळं केलं. हेच लोक दाराची मोडकी कडी चार वर्षं बदलत नाहीत.

तर माझं मत: देशी .३२ रिव्हॉल्व्हर, पूर्ण वजनाचं, नवं. दुकानात हे कर. आधी मधून उघडून सहा चेंबर रिकामे आहेत हे स्वतः बघ, दुकानदाराने दाखवलं असलं तरी. हॅमर पूर्ण ओढून घोडा धरून ठेव आणि सिलिंडर हलवून बघ. किंचित हलला तर चालेल, खडखडला तर दुसरं मागव. प्रत्येक चेंबर हॅमरखाली आणून नळीतून टॉर्चचा उजेड पाड आणि नळी-चेंबर एका रेषेत आहेत का ते बघ. सहाही. मूठ तुझ्या हातात बसते का बघ. तर्जनीचं पहिलं पेर घोड्यावर पोचायला हवं, ताणावं लागलं तर मूठ बदलता येते, ते काम माझं. मग दोन डब्या कारतुसं, एकाच लॉटची, पावतीवर लॉट नंबर लिहून घे.

गुरुवारी दुपारनंतर मी टेबलावर असतो. रिव्हॉल्व्हर आणि लायसन्सचं पुस्तक घेऊन ये, कारतुसं घरी ठेव. आधी एक काम करून ये: आईला विचार, मोठ्या कपाटाच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा कुठे असतो. बहुतेक घरांत तो नातवंडांना आधी माहीत असतो.